डॅशबोर्ड कुणी उघडत नाही, सगळे एक्सेलच मागतात

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचा प्रश्न, थोडक्यात: शेतीचे पीव्हीसी पाइप आणि फिटिंग्ज बनवणाऱ्या एका कंपनीत त्या एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनासाठी आकडे आणि अहवाल काढायचं काम, पाहतात. सुमारे ३०० डीलर आणि १४ विक्री प्रतिनिधी आहेत. हिशेब टॅलीत असतो, ऑर्डरी आणि गोडाऊनचा साठा एक्सेलमध्ये. बिलांच्या ओळी वर्षाला साधारण ७० हजार. दर महिन्याला वीसेक शीट त्या हाताने बनवत असत. मालकांच्या पुतण्याच्या सांगण्यावरून त्यांनी दोन महिने खपून पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या आलेख-अहवालांच्या टूलमध्ये तीन पानी डॅशबोर्ड तयार केला, त्यात अकरा आलेख आहेत. सगळे एकाच लॉगिनने तो बघतात, म्हणजे बघत असत. पहिल्या आठवड्यात कौतुक झालं, आता कुणी उघडत नाही. विक्रीप्रमुख म्हणतात, "मॅडम, ते राहू द्या, एक्सेल पाठवा." एक पुरवठादार टॅब्लो हे तशाच कामाचं टूल घ्या म्हणतो, कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा म्हणतो तसलंच मेटाबेस फुकट आहे. मालकांनी विचारलंय, यातलं कुठलं घ्यायचं ते एकदाचं सांगा, २० लायसन्सं घेऊन टाकू. वाचक विचारतात: लोक खरोखर वापरतील असं टूल कोणतं? आणि एक्सेलला चिकटलेल्यांना वळवायचं कसं?

*

दोन महिन्यांच्या कामाकडे कुणी ढुंकून बघत नाही, याचं वाईट वाटणारच. ते काम वाया गेलेलं नाही, त्यातलं बरंच पुढे उपयोगी पडणार आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

एक्सेल मागणारा माणूस जुन्या सवयीला चिकटलाय, असं तुम्ही धरून चालला आहात. एक काम करा. पुढच्या वेळी विक्रीप्रमुखांना एक्सेल पाठवली की त्यांच्या शेजारी अर्धा तास बसा आणि ते त्या फाइलचं काय करतात ते नुसतं पाहा. बहुधा ते ९० दिवसांवरची येणी गाळून घेत असतील, प्रतिनिधीवार लावत असतील, शेवटी एक रिकामा रकाना जोडून त्यात 'सोमवारी चेक देतो म्हणाले' किंवा 'माल परत आलाय, क्रेडिट नोट बाकी' असं लिहीत असतील आणि त्या यादीचा फोटो काढून ग्रुपवर टाकत असतील. यातलं एकही काम तुमच्या अकरा आलेखांवर करता येत नाही. आलेखात शेरा लिहायला जागा नसते. त्यांना हवी आहे फोन लावायची यादी, आणि तुम्ही दिलंय चित्र. चित्र चांगलं असेल, पण त्यांच्या हातातलं काम वेगळं आहे.

रिपोर्टचं टूल निवडताना विचारायचा प्रश्न हाच: आकडा पाहिल्यावर हा माणूस पुढच्या दहा मिनिटांत काय करणार? 'कोणाला काय बघायचंय' असं विचारलंत तर लोक सगळंच बघायचंय म्हणतात, आणि तीन पानं भरतात. 'बघून काय करणार' विचारलंत तर उत्तरं पटकन वेगवेगळी होतात. तुमच्याकडे ती साधारण अशी निघतील.

मालकांना सकाळी दोन मिनिटांत कळायला हवं की काल किती माल गेला, किती पैसे आले, थकबाकी वाढली की घटली आणि कुठला साठा संपत आलाय. काही वावगं दिसलं तर ते फोन उचलून विचारणार. त्यांना फोनवर एक पान पुरतं. विक्रीप्रमुखांना गाळता, लावता, शेरे मारता येणारी यादी हवी, म्हणजे एक्सेलच. १४ प्रतिनिधींना फेरीवर निघायच्या आधी आपापल्या वीस-पंचवीस डीलरांच्या येण्यांची यादी हवी. मोटारसायकलला किल्ली लावताना कुणी ॲपमध्ये लॉगिन करून फिल्टर लावत बसत नाही. त्यांना सकाळी आठच्या आत व्हॉट्सॲपवर पीडीएफ मिळाली की काम झालं. हिशेब विभागाला डीलरला पाठवायचं खातेउताऱ्याचं पत्र छापायचं असतं. त्यासाठी टॅलीतच अनेक खात्यांचे उतारे एकदम छापायची सोय आहे, वेगळं टूल लागतच नाही. गोडाऊनवाल्यांना हवा तो किमान साठ्याखाली गेलेल्या मालाचा इशारा, बाकी काही नाही.

म्हणजे पाच तऱ्हेचे लोक, पाच तऱ्हेचा उपयोग. एका कंपनीत एकच टूल असलं पाहिजे हे मालकांच्या प्रश्नामागचं गृहीतक इथे सुटतं. एक असायला हवा तो आकडा. तो दाखवायचे मार्ग तीन असले तरी बिघडत नाही, उगम एकच असला म्हणजे झालं.

आता त्या आकड्याबद्दल. लोक डॅशबोर्ड उघडायचे थांबतात त्याचं दुसरं मोठं कारण विश्वास उडणं हे असतं, आणि तो बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात उडतो. कुणीतरी तुमचा विक्रीचा आकडा टॅलीतल्या आकड्याशी लावून पाहतं, फरक येतो, आणि 'ते बरोबर नसतं' हा शिक्का बसतो. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण एकदा विचारून पाहा. टूल कुठलंही घ्या, पुढच्या गोष्टी ठरलेल्या नसतील तर तोच शिक्का पुन्हा बसेल.

'विक्री' म्हणजे काय? जीएसटीसह की जीएसटी सोडून? परत आलेला माल आणि क्रेडिट नोटा (डीलरच्या नावावरचं येणं कमी करणारे कागद) वजा करून की न करता? वजा करायच्या तर मूळ बिलाच्या महिन्यातून की क्रेडिट नोट निघाली त्या महिन्यातून? हंगामी स्कीमची सूट बिलातच धरलीय की तिमाही संपल्यावर क्रेडिट नोटेने देता? वाहतूकभाडं बिलात लावलंय का? पाइपाच्या धंद्यात आणखी एक: विक्री रुपयांत मोजायची की टनांत? पीव्हीसी रेझिनचा, म्हणजे पाइपाच्या कच्च्या मालाचा, भाव हलला की रुपयांतली विक्री आणि टनातली विक्री दोन वेगळ्या दिशांना जाऊ शकतात, आणि मालकांना उत्पादनासाठी टन हवे असतात. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मालक, विक्रीप्रमुख आणि हिशेबनीस यांना एकत्र बसवून एका कागदावर लिहून घ्या आणि तिघांच्या सह्या घ्या. तास-दीड तासाचं काम आहे. लायसन्सच्या निर्णयापेक्षा ही बैठक जास्त मोलाची आहे, म्हणून ती आधी.

येण्यांच्या वयाचं तर स्वतंत्र बघावं लागेल. ०–३०, ३१–६०, ६१–९० आणि ९० च्या वर हे रकाने टॅली बिलवार काढून देते, पण पावती नोंदवताना ती कुठल्या बिलापोटी आली हे 'अगेन्स्ट रेफरन्स' निवडून सांगितलं तरच. घाईत असलेला माणूस 'ऑन अकाउंट' टाकून मोकळा होतो. मग डीलरचं एकूण येणं बरोबर दिसतं, पण त्याने पैसे दिलेलं जुनं बिल तसंच उघडं राहतं आणि शंभर दिवसांचं थकलेलं दिसतं. प्रतिनिधी वसुलीला जातो, डीलर त्याच्यापुढे बँकेचा मेसेज धरतो, आणि तो रिपोर्ट त्या दिवसापासून मेला. हा दोष पॉवर बीआयने जाणार नाही, टॅब्लोनेही नाही. आज टॅलीत 'ऑन अकाउंट' पडलेल्या पावत्या काढा, एकूण येण्यांशी त्यांचं प्रमाण पाहा आणि त्या बिलांना लावून घ्या. वय बिलाच्या तारखेपासून मोजायचं की उधारीची मुदत संपल्यापासून, हेही त्या कागदावर येऊ द्या.

तिसरी गोष्ट डीलरच्या नावाची. टॅलीत 'श्री गणेश ॲग्रो एजन्सी', ऑर्डरच्या शीटमध्ये 'गणेश ॲग्रो', गोडाऊनच्या वहीत 'गणेश तासगाव'. माणसाला तिन्ही एकच कळतात, कुठल्याही टूलला ते तीन डीलर दिसतात. जीएसटी क्रमांक ही चावी म्हणून वापरायचा मोह होतो, पण एकाच राज्यात दोन दुकानं असलेल्या डीलरचा क्रमांक बहुतेक वेळा एकच असतो, तिथे ते फसतं. प्रत्येक डीलरला छोटा कोड द्या, टॅलीत खात्याच्या एलियसमध्ये (पर्यायी नावात) घाला आणि ऑर्डरच्या शीटमध्ये नाव टाइप करायला न देता यादीतून निवडायला लावा. ३०० डीलर म्हणजे दोन दिवसांचं काम. मालाच्या नावांचंही तेच करा.

इथवर एकही रुपया खर्च झालेला नाही.

पुढचा टप्पा हातकाम घालवायचा. तुमच्याकडे एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची असेल तर पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरच्या फाइलींतला डेटा आणून साफ करायची आणि जोडायची सोय, त्यात आहेच, 'डेटा' टॅबवर 'गेट डेटा'मध्ये. एक फोल्डर करा, त्यात टॅलीतून काढलेली विक्रीची फाइल महिन्यागणिक टाकत जा आणि पॉवर क्वेरीला फाइल नव्हे, तो फोल्डर दाखवा. ती सगळ्या फाइली एकाखाली एक जोडते. पुढच्या महिन्यात नवी फाइल टाकून 'रिफ्रेश ऑल' दाबलं की पिव्होट (गटवार बेरजा दाखवणारे तक्ते) आपोआप भरतात. वीस शीटांपैकी बहुतेक यातच निकालात निघतील. पण हे करताना हमखास अडणाऱ्या जागा आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो.

टॅलीच्या निर्यात केलेल्या फाइलमध्ये रकमेपुढे दिसणारं 'डेबिट' किंवा 'क्रेडिट' हे बरेचदा त्या खान्याच्या नुसत्या फॉरमॅटमध्ये असतं. डोळ्यांना दिसतं, पण खान्यातली किंमत फक्त संख्या असते. पॉवर क्वेरी किंमत वाचते, फॉरमॅट वाचत नाही, म्हणून येणं आणि देणं दोन्ही अधिक चिन्हाने येतात आणि बेरीज फुगते. डेबिट आणि क्रेडिट हे रकाने वेगळे असलेला रिपोर्टच निर्यात करा. वरच्या कंपनीच्या नावापत्त्याच्या ओळी पहिल्या पायरीतच उडवा.

तारीख ही दुसरी जागा. ०४-०५-२०२५ हे आपल्याला ४ मे, पण अमेरिकी मांडणीवर असलेल्या कॉम्प्युटरला ५ एप्रिल. १२ तारखेपर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होतात आणि १३ पासूनच्या चुका म्हणून दिसतात. पहिला भाग दिसत नाही म्हणून जास्त घातक. तारखेच्या रकान्याचा प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' निवडून 'इंग्लिश (इंडिया)' द्या, म्हणजे फाइल कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडली तरी तारीख तीच राहते.

तिसरी जागा: पॉवर क्वेरी स्वतःहून 'चेंज्ड टाइप' नावाची पायरी घालते आणि तिच्यात रकान्यांची नावं पक्की लिहून टाकते. एखाद्या महिन्यात कुणी 'क्वांटिटी'चं 'क्यूटीवाय' केलं की रकाना सापडत नाही म्हणून सगळं थांबतं. ती आपोआप आलेली पायरी काढा आणि शेवटी फक्त लागणाऱ्या रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवा. आणि फोल्डरमधली एखादी फाइल कुणी उघडी ठेवली असेल तर एक्सेल तिची लपलेली तात्पुरती फाइल तिथेच बनवते, नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलर असलेली. ती क्वेरीत शिरते आणि रिफ्रेश पडतो. अशी नावं पहिल्या पायरीत गाळा.

ओळींची चिंता तुम्हाला नाही. वर्षाला ७० हजार म्हणजे तीन वर्षांच्या २ लाख १० हजार ओळी, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ बसतात. फक्त जुन्या एक्सएलएस प्रकारात फाइल साठवू नका, त्याची मर्यादा ६५,५३६ ओळींची आहे. २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेचे १५,८४१ कोविड रुग्ण अहवालातून असेच निसटले होते: प्रयोगशाळांचे निकाल जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात होते आणि मर्यादेपुढच्या ओळी गळून गेल्या. तिथेही एक्सेल बंद पडली नाही, कुणाला इशाराही मिळाला नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर दोन ओळी कायम ठेवा: आकडे कुठल्या तारखेपर्यंतचे आहेत, आणि टॅलीच्या एकूण विक्रीशी फरक किती. फरक शून्य दिसला की विक्रीप्रमुखांना तपासत बसावं लागत नाही. विश्वास परत मिळवायचा याहून सोपा उपाय नाही.

विक्रीप्रमुखांच्या शेऱ्यांचं मात्र नीट बघा. पिव्होटच्या बाजूच्या रकान्यात शेरा लिहिला आणि रिफ्रेश केलं, की ओळी वरखाली होतात आणि शेरा जिथल्या तिथे राहतो. जतच्या डीलरचा 'चेक वटला नाही' हा शेरा विट्याच्या डीलरसमोर जाऊन बसतो. त्यासाठी वेगळी शीट ठेवा: बिल क्रमांक, तारीख, शेरा, कुणी लिहिला. येण्यांच्या यादीत शेवटचा शेरा बिल क्रमांकावरून शोधून आणा. जुने शेरेही टिकतात, आणि एकाच डीलरने चारदा 'पुढच्या सोमवारी' सांगितलंय हे दिसू लागतं.

प्रतिनिधींच्या याद्यांसाठी पिव्होटमध्येच एक फारशी कुणाच्या लक्षात न येणारी सोय आहे. प्रतिनिधीचं नाव पिव्होटच्या फिल्टरमध्ये टाका, मग 'पिव्होट टेबल ॲनालाइझ' टॅबवर 'ऑप्शन्स'शेजारच्या बाणाखाली 'शो रिपोर्ट फिल्टर पेजेस' दाबा. १४ नावांच्या १४ शीट एका क्षणात तयार होतात. त्यांची पीडीएफ करूनच पाठवा. एक्सेल पाठवलीत तर पिव्होटच्या पोटात सगळा डेटा असतो, आकड्यावर दोनदा क्लिक केलं की मागच्या ओळी उघडतात आणि फिल्टर बदलला की दुसऱ्या प्रतिनिधीचे डीलर आणि त्यांचे दर दिसतात.

आता टूलकडे येऊ.

पॉवर बीआय ठेवा, पण मालकांच्या एका पानापुरतं आणि आकड्यांचं उगमस्थान म्हणून. अकरा आलेखांतले चार ठेवा. पॉवर क्वेरी एक्सेलमध्ये आणि पॉवर बीआयमध्ये एकच असल्याने वर केलेलं सगळं काम तिथे जसंच्या तसं नेता येतं. लायसन्सचं गणित असं: बनवायचं पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, ते विंडोजवरच चालतं. दुसऱ्याला दाखवायचं झालं की दाखवणारा आणि पाहणारा दोघांनाही प्रो लायसन्स लागतं. एप्रिल २०२५ पासून त्याचा मूळ दर माणशी महिना १४ डॉलर आहे, आधी १० होता, कर वेगळा. २० जणांचे वर्षाला ३,३६० डॉलर होतात. तुम्ही, मालक, विक्रीप्रमुख आणि हिशेबप्रमुख असे चौघे धरले तर ६७२. प्रतिनिधींना पीडीएफ जातेय, त्यांना लायसन्स नको. २० घेऊन टाकू म्हणणाऱ्या मालकांपुढे हे दोन आकडे ठेवा.

विक्रीप्रमुखांना प्रो द्यायचं ते डॅशबोर्ड दाखवायला नव्हे. पॉवर बीआयच्या सेवेत 'ॲनालाइझ इन एक्सेल' अशी सोय आहे. त्यातून त्यांना एक्सेलच मिळते, पिव्होट तोच, फक्त त्याची नाळ तुमच्या एकाच डेटाशी जोडलेली. त्यांच्या फाइलीतला आकडा आणि मालकांच्या फोनवरचा आकडा मग एकच राहतो. एक्सेल सोडायला कुणाला सांगावंच लागत नाही.

एकच लॉगिन सगळ्यांत वाटून घेणं आजच थांबवा. लायसन्सच्या अटींत ते बसत नाही, आणि कुणी काय पाहिलं हे कळत नाही. ज्याने त्याने आपापलेच डीलर पाहावेत अशी ओळवार मर्यादाही घालता येत नाही, कारण ती मर्यादा लॉगिनच्या नावावरच चालते. लायसन्स वाचवायला कुणीतरी 'पब्लिश टू वेब' सुचवेल. ते बिलकूल करू नका. त्या दुव्याला पासवर्ड नसतो, ज्याच्या हाती पडेल त्याला तुमच्या डीलरांचे दर आणि थकबाकी दिसते.

पॉवर बीआयमध्ये आपल्याकडे खुपणाऱ्या आणखी दोन गोष्टी. आकडे लहान करून दाखवायची एककं हजार, मिलियन, बिलियन अशी आहेत, लाख-कोटी त्यात नाही. '१२.३५ एम' हे मालकांना एक कोटी साडेतेवीस लाख म्हणून वाचता येत नाही, मग ते वाचतच नाहीत. सूत्रातच रकमेला १,००,००० ने भागा, एकक 'नन' (कुठलंच नाही) ठेवा आणि शीर्षकात 'रुपये लाखांत' लिहा. दुसरं आर्थिक वर्ष: वर्षाची एकूण विक्री काढणाऱ्या सूत्राला वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ते जानेवारीपासून मोजतं. एप्रिल ते मार्च असे महिने लावलेला तारखांचा स्वतंत्र तक्ता बनवा आणि आपोआप तारखा बनवायची सोय बंद ठेवा.

डेटा आपोआप ताजा व्हावा म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेटवे, म्हणजे तिथला डेटा पॉवर बीआयच्या सेवेपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, बसवावा लागतो, आणि तो कॉम्प्युटर चालू असावा लागतो. संध्याकाळी शिपायाने मेन स्विच बंद केला की पहाटेचा रिफ्रेश पडतो, आणि लागोपाठ चारदा पडला की वेळापत्रकच बंद होतं. फाइलींचा फोल्डर कंपनीच्या वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलात तर गेटवेची गरज उरत नाही. तुमच्यासारख्या ठिकाणी तेच बरं. प्रो लायसन्समध्ये दिवसाला आठ वेळा रिफ्रेश होतो. मालक 'लाइव्ह हवं' म्हणतील. बिलं तुमच्याकडे गाडी निघताना होतात, ती ताजी असतात, पण बँकेच्या पावत्या दुसऱ्या दिवशी दुपारी नोंदल्या जात असतील तर लाइव्ह येणी असं काही असूच शकत नाही. पावत्या सकाळी दहाच्या आत नोंदवून घ्या, तुमचं येण्यांचं लाइव्ह तेवढंच आहे.

मेटाबेसबद्दल तुमच्याकडचा मुलगा चुकीचं सांगत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची त्याची आवृत्ती खरंच फुकट आहे, प्रश्न विचारायची पद्धत सोपी आहे आणि ठरल्या वेळी ईमेल जातो. पण तो डेटाबेसवर चालतो, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या. टॅली तशा अर्थाने डेटाबेस नाही. टॅलीतून डेटा रोज काढून डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्राम कुणीतरी लिहावा लागेल. टॅली ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएलमध्ये उत्तरं देते, त्यातून हे जमतं, पण तेव्हा टॅली चालू आणि कंपनी उघडी असावी लागते. शिवाय ओळवार मर्यादा फुकट आवृत्तीत नाही. आणि मेटाबेस स्वतःच्या नोंदी मुळात एच-टू नावाच्या फाइलीत ठेवतो. डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायच्या सोयीवर) बसवून ती तशीच राहू दिली, तर आवृत्ती बदलताना सगळे बनवलेले रिपोर्ट पुसले जाण्याची भीती असते. त्याला पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेसवर ठेवावं लागतं आणि बॅकअप घ्यावा लागतो. हा मुलगा नोकरी सोडून गेला तर हे कोण पाहील, याचं उत्तर असेल तरच फुकट हे फुकट.

गूगलचं लुकर स्टुडिओ, २०२२ पर्यंत ज्याला डेटा स्टुडिओ म्हणत, तुमच्या यादीत नाही. ज्यांचं काम मुळातच गूगल शीटमध्ये चालतं अशा वाचकांनी आधी तेच पाहावं. पाहणाऱ्याला लायसन्स लागत नाही आणि ठरल्या वेळी पीडीएफ ईमेलने जाते. डेटा 'मालकाच्या ओळखीने' उघडतो की 'पाहणाऱ्याच्या' ही निवड मात्र डोळ्यात तेल घालून करा. पहिली निवडली की दुवा मिळालेल्या प्रत्येकाला सगळी शीट दिसल्यासारखंच असतं.

टॅब्लो उत्तम आहे. ज्यांच्याकडे दिवसभर डेटा उकलत बसणारे दोनचार विश्लेषक आहेत त्यांनी घ्यावं. तुमच्याकडे ते काम करणारी व्यक्ती एकच, आणि तीसुद्धा अर्धा वेळ शीट बनवण्यात अडकलेली. पुरवठादाराला नम्रपणे थांबवा.

अर्थात हे सगळं तुमच्या आकाराला धरून सांगितलं. ज्या वाचकांच्या कंपनीत ईआरपी, म्हणजे सगळे विभाग एकत्र चालवणारी प्रणाली, आहे, ओळी कोटींत आहेत आणि डेटाबेस सांभाळणारा पगारी माणूस आहे, त्यांच्यासाठी मेटाबेस किंवा त्याच जातीचं फुकट टूल सुपरसेट हा पहिला विचार ठरू शकतो, फक्त चालू डेटाबेसवर थेट न जोडता त्याच्या प्रतीवर जोडावा. एखादा जड रिपोर्ट चालला की खाली बिलिंगच्या खिडकीवर रांग लागते. आणि ज्यांचा रिपोर्ट पानापानांनी छापायचा असतो, त्यांनी लक्षात घ्यावं की पॉवर बीआयच्या साध्या पानाची पीडीएफ केली तर लांब तक्त्याचा स्क्रीनवर दिसतो तेवढाच भाग येतो, बाकी कापला जातो. त्यासाठी त्यांचा रिपोर्ट बिल्डर वेगळा आहे.

मालकांना सांगायचं झालं तर एवढं सांगा: नवीन काही घ्यायचं नाही, चार लायसन्सं आणि सहा आठवडे हवेत. पहिला आठवडा व्याख्यांची बैठक आणि डीलरचे कोड. दुसऱ्या-तिसऱ्यात 'ऑन अकाउंट' पावत्यांची सफाई, ती तुम्ही एकटीने करायची नाही, हिशेब विभागाने करायची, आणि हे मालकांच्या तोंडून जायला हवं. चौथ्या-पाचव्यात फोल्डर आणि पॉवर क्वेरी. सहाव्यात प्रतिनिधींची पीडीएफ आणि मालकांचं एक पान. त्यानंतर महिनाभर पॉवर बीआयमधला वापराचा अहवाल पाहा, कुणी किती वेळा उघडलं ते त्यात दिसतं. मालकांचं पान आठवड्यात तीनदासुद्धा उघडलं जात नसेल तर त्यावर आणखी आलेख चढवू नका, तेच चार आकडे सकाळी आठला त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा.

आणि जुन्या वीस शीटांपैकी ज्यांच्याबद्दल खात्री नाही, त्या एक महिना पाठवू नका. जी शीट आली नाही म्हणून फोन येईल, तीच पुन्हा सुरू करा.